डाव्या बाजूचा पत्रा

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या अंगणातल्या फियाटची डाव्या बाजूची, दारांखालची पट्टी कापण्यात आली. त्या पट्टीवरचा जोड आमच्या मुलाने दिलेला होता. मुलाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कापलेला तुकडा घरात ठेवायचा, असं आदल्या दिवशी ठरलं होतं. ठरवलं माझ्या पतींनी. मी हो म्हटलं.

गाडी सासऱ्यांची. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस ॲक्शननंतर इकडच्या शाळांमधून उर्दूऐवजी मराठीत शिकता येऊ लागलं, त्या पहिल्या वर्षांतले ते विद्यार्थी. पुढे वकील झाले. वकिली बरी चालू लागल्यावर त्यांनी बदलून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून ही गाडी घेतली. रंग फिकट पिवळा. खुलताबादच्या अलीकडे आमची थोडी शेती होती. तिकडे जाताना घाटात गाडी तापायची. मग सगळे उतरून कठड्यावर बसायचे आणि सासरे बोनेट उघडून, हात मागे बांधून, गार होण्याची वाट बघायचे. ते गेल्यावर गाडी आमच्याकडे आली. माझे पती माध्यमिक शाळेत गणित शिकवत आणि शाळेत सायकलने जात. मी एका दैनिकात उपसंपादक होते आणि रिक्षाने जात असे. गाडी बहुतेक वेळ अंगणात उभी असायची.

अंगणात ती जिथे उभी असायची त्याच्या डाव्या अंगाला गच्चीवरच्या टाकीचा जादा पाण्याचा पाइप उतरत होता. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी भरेपर्यंत कोणी घर सोडत नाही. टाकी भरली की त्या पाइपातून धार पडायची. तिचा आवाज झाला की मोटार बंद करायची, अशी घरातली रीत. धार बादलीत पडायची, बादली भरली की फरशीवर, आणि दोन्हीकडून उडणारं पाणी गाडीच्या डाव्या बाजूला. पाइप वळवून घ्यावा असं कोणाच्या मनात आलं नाही. पाणी वाया जात नाही, गाडी आपोआप धुतली जाते, असंच आम्ही समजत होतो.

मुलगा शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा त्याने गाडीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथे तो सुट्या भागांची तपासणी करायचा. घरी येऊन त्याने दारांखाली स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"बाबा, ही गाडी नाय, चाळणी आहे," तो म्हणाला.

"तुझ्या आजोबांची आहे."

"आजोबांची चाळणी."

त्या उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी तो आणि त्याचे बाबा गाडीला लागले. गॅस वेल्डिंग घरी जमणार नव्हतं. मुलाने गंजलेला भाग खरवडून काढला, तारेच्या ब्रशने घासला आणि पोकळ पट्टीत कागद ठासला. कागदाला आमच्या घरी तोटा नव्हता. सगळी दैनिकं येत आणि व्हरांड्यात त्यांची थप्पी लागलेली असे. कागद ठासल्यामुळे वरून भरायची पुट्टी आत पडत नाही, असं त्याचं म्हणणं. मग खाण्याच्या तेलाचा रिकामा डबा कापून त्याने पत्रा सपाट केला, तो भोकावर रिव्हेटने ठोकला, वर पुट्टीचे थर दिले आणि पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासत बसला. घासण्याचं काम बरंचसं त्याच्या बाबांनी केलं. डाव्या बाजूला पट्टी आणि उजव्या बाजूला मागचा मडगार्ड, अशा दोन ठिकाणी त्याने हे काम केलं. भाड्याने कंप्रेसर आणून दारं, पट्टी आणि मडगार्ड रंगवले.

रंग वाळल्यावर त्याने बाबांना बोलावलं.

"डोळे मिटा. हात फिरवा. जोड कुठं लागतो सांगा."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, उकिडवे बसले आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत हात नेला. परत आणला.

"लागत नाही."

"बघा हं. नंतर बोलायचं नाय."

"नाही लागत रे. दहापैकी साडेनऊ."

"अर्धा कशाचा कापला?"

"फरशीवर रंग सांडलास त्याचा."

"आई, हे ऐकलंस का? रिटायर झाले तरी मार्क कापतात."

डिकी रंगवायची राहिली होती. तिच्यावर नुसता लाल प्रायमर होता. पोळ्याच्या सुमारास मुलाला ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला. सहाव्या दिवशी तो गेला. त्या वर्षी शहरातल्या डेंग्यूच्या बळींची संख्या आमच्या दैनिकात पहिल्या पानावर चौकटीत येत असे. ती चौकट माझ्याकडे होती. मी रजेवर असताना ती संख्या एकाने वाढली.

रजा संपल्यावर मी कामावर गेले. पती निवृत्त झालेले होते, त्यांना जायला जागा नव्हती. सकाळी ते गाडीजवळ स्टूल टाकून पेपर वाचत. उठताना दारांखालच्या त्या पट्टीवरून एकदा हात फिरवत आणि मग आत येत. मी हे खिडकीतून पाहिलं आहे. डिकीचा रंग त्यांनी पुरा केला नाही. गाडी अधूनमधून सुरू करत, गल्लीच्या टोकापर्यंत नेत आणि परत आणून त्याच जागी लावत.

मुलगा गेल्यानंतरच्या दुसऱ्या माघात गाडीचं डावीकडचं पुढचं चाक पंक्चर झालं. चाक काढण्यासाठी त्यांनी जॅक पट्टीच्या कडेला लावला आणि दांडा फिरवला. गाडी वर गेली नाही. जॅक वर गेला. पट्टीच्या आत तो रुतला, रंग तडकला आणि तडकलेल्या जागेतून विटकरी रंगाचं पाणी फरशीवर आलं. त्यांना इजा झाली नाही. मी बाहेर आले तेव्हा ते जमिनीवर बसून त्या पाण्याकडे बघत होते.

"पाणी आलं कुठून?" मी विचारलं.

"आतच होतं," ते म्हणाले.

त्यानंतर पुढचं दार नीट लागेना. उघडलं की खाली झुके. महिनाभर ते तसंच राहिलं. पाडव्याला पतींनी गाडीला हार घातला आणि दार लावायला गेले. ते लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शहागंजमागच्या एका गल्लीत दुकान असलेल्या डेंटरला फोन केला. जुन्या गाड्यांचे पत्रे बसवणारा म्हणून कोणीतरी त्याचं नाव दिलं होतं. आम्हाला तो ओळखत नव्हता, आम्ही त्याला.

शनिवारी तो गाडी बघायला आला. साठीचा, मेंदी लावलेली दाढी, बोलायला मोकळा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याने सगळी डावी बाजू ठोकत नेली. आवाज ठण यायचा तिथे पुढे जायचा. जिथे भद्द यायचा तिथे खडूने फुली मारायचा. पट्टीवर फुल्याच फुल्या झाल्या.

"सर, ऊपर रंग है, अंदर कुच नै," तो म्हणाला. "ये पूरा काटना पडता. नया पत्रा मारता मैं, एकदम कंपनी जैसा."

"वरच्या वर नाही होणार?"

"ऊपर के ऊपर तो ऐसीच हुई ना गाडी की हालत. दो महिने बाद दरवाजा हात में आता तुम्हारे."

पतींनी विचार करून सांगतो म्हटलं. दुपारभर ते अंगणात होते. संध्याकाळी त्यांनी फोन करून उद्या या म्हणून सांगितलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाले, "कापू दे. पण तेवढा तुकडा मला पाहिजे. त्यानं ठोकलेला पत्रा, रिव्हेटसकट. पुसून कपाटात ठेवू."

मी हो म्हटलं. कपाटाचा खालचा खण मी त्याच संध्याकाळी रिकामा केला.

रविवारी डेंटर टेम्पोतून गॅसच्या टाक्या घेऊन आला. एकटाच होता. गाडी ठोकळ्यांवर चढवली, दार उतरवलं, ग्राइंडर लावला. पट्टीचा वरचा भाग सोलून निघाला, तसा तो हसायला लागला. त्याने आत हात घालून ओल्या, काळपट कागदाचा गोळा काढला. मग दुसरा. मग बरेच.

"अरे सर, गाडी को अखबार खिलाए क्या?"

पती जवळच उभे होते. मी पायरीवर चहा घेऊन आले होते.

"भूखी थी क्या बिचारी? पेट्रोल नै दिए, अखबार दिए." गोळे तो फरशीवर मांडत गेला. "पानी पीके बैठे थे सब. इसी वास्ते सडा पत्रा. कौन करा ये काम?"

"मुलानं," पती म्हणाले.

"कां है वो? बुलाओ. कान पकडता उसका."

"इथं नाही तो."

"पुना गया?"

आमच्या भागातली निम्मी घरं अशी आहेत की तिथला मुलगा पुण्याला आहे. विचारणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. तो कापलेल्या कडा बघत होता, पतींच्या चेहऱ्याकडे नाही.

"हो," पती म्हणाले.

"कंपनी में?"

"हो."

"मेरा भी छोटावाला उधरीच है. आता नै. फोन करता, अब्बा कैसे है, बस. तुम्हारा आता?"

"येतो. सुट्टी मिळाली की."

मी चहाचा कप डेंटरच्या हातात दिला. मुलाचा फोटो आतल्या खोलीत आहे. अंगणातून तो दिसत नाही.

काम चार वाजेपर्यंत चाललं. तेवढ्या वेळात डेंटरने आमच्या मुलाबद्दल बरंच विचारलं. पगार, खोली, जेवणाचं काय, लग्नाचं काय. पती उत्तरं देत होते. लहान उत्तरं, पण देत होते. डबा लावलाय. लग्नाचं बघू. गाडीची आवड आहे का, असं विचारल्यावर मात्र ते जरा लांब बोलले. रिव्हेट कशी मारली, पुट्टीचे थर किती दिले, भाड्याचा कंप्रेसर मध्येच बंद पडला तेव्हा त्याने सायकलचा पंप लावून बघितला, ते सगळं सांगितलं. हे सगळं खरं होतं. डेंटर मान डोलावत ऐकत होता.

"हाथ अच्छा है बच्चे का," तो म्हणाला. "ऊपर का काम देखो ना, मेरे कू बी जोड नै मिला हाथ से. बस अखबार नै डालना था. आया तो भेजो मेरे पास. सिखाता मैं."

"सांगतो," पती म्हणाले.

नवा पत्रा बसला. डेंटरने वेल्डिंगचे टाके घासून सपाट केले, वर प्रायमर मारला, दार चढवलं. दार एका हाताने लागलं. मग तो उजव्या बाजूला गेला आणि मागच्या मडगार्डवर मूठ ठोकली.

"ये बी उसीच ने करा?"

"हो."

"अंदर अखबारीच होंगे. आजच निकाल देता, गॅस है अबी."

पती मडगार्ड आणि डेंटर यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. ढकललं वगैरे नाही. नुसते उभे राहिले.

"ते राहू द्या. तो आला की बघू. त्याच्यासमोरच काढू."

डेंटर हसला. "हौ, ये सही है. आने दो. उसके सामने निकालता, कान बी पकडता."

मग त्याने सामान आवरलं. या कामात कापलेला पत्रा कारागिराचा असतो. तो भंगारात जातो आणि त्याचे पैसे त्याला मिळतात. मजुरी ठरवतानाच ते धरलेलं असतं, वेगळं बोलावं लागत नाही. त्याने फरशीवरचे सगळे तुकडे एका गोणीत भरले. तेलाच्या डब्याचा तो पत्राही भरला. रिव्हेट त्याला अजून चिकटून होत्या. उचलताना त्याची मागची बाजू वर झाली. डब्यावरच्या सूर्यफुलाचा पिवळा छाप तिथे शाबूत होता.

पतींनी गोणीकडे बघितलं. काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, हे मी पाहिलं. पुण्याला असलेल्या, सुट्टीला घरी येणाऱ्या मुलाने ठोकलेला गंजका पत्रा कोणी मागून घेत नाही. मागितला तर का, हे सांगावं लागतं. डेंटरने गोणी टेम्पोत टाकली, मजुरी घेतली, मला "चलता भाभी" म्हणाला आणि गेला.

टेम्पो वळेपर्यंत पती फाटकात उभे होते. आत आल्यावर मी विचारलं, "त्याला सांगितलं का नाही?"

"त्याच्या हातात पेटलेला गॅस होता."

"नंतर सांगायचं."

"नंतर तो चहा पीत होता."

कपाटाचा खण उघडाच होता. त्यांनी तो बंद केला.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी मी शहागंजला गेले. दुकान सापडायला वेळ लागला. डेंटर एका जीपच्या खाली होता. माझे पाय बघून बाहेर आला.

"क्या हुआ भाभी? दरवाजा लगता ना?"

दार चांगलं लागतं, असं मी सांगितलं. कालच्या गोणीत आमच्या घरातली एक वस्तू चुकून गेली असावी, ती बघायला आले, म्हणाले.

"बोरी? वो तो सुबेरीच गई भंगार में." त्याला वाईट वाटलेलं दिसलं. "क्या था? पाना वगैरा? मैं देता दुसरा."

"नाही. तसं काही नाही."

"गाडी भर के गया माल, जालन्याकू. भट्टी में." त्याने हात पुसले आणि विचारलं, "बच्चे का फोन आया था क्या? बोले क्या उसकू, अखबार निकले करके?"

"बोललो," मी म्हणाले.

बातमीची नोकरी मी तीस वर्षांहून अधिक केली. समोरचा चुकीची माहिती धरून चालला असेल तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, हे त्या नोकरीतलं पहिलं शिक्षण. त्या दिवशी मी रिक्षा केली आणि ऑफिसला गेले.

पाइप पतींनी त्याच आठवड्यात वळवून घेतला. आता जादा पाणी मागच्या बाजूला पडतं.

डेंटर दर दसऱ्याला फोन करतो. जुन्या गिऱ्हाइकांना करतो तसाच. गाडीला हार घातला का, दार लागतं का, हे विचारतो. मग विचारतो, "बच्चा आया क्या?" पती म्हणतात, "नाही अजून." तो म्हणतो, "आजकल के बच्चे," आणि दोघंही आपापल्या तब्येतीचं बोलतात. त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं तेव्हा त्याने पत्रिका पाठवली. पाकिटावर आमच्या मुलाचंही नाव होतं. ते त्याने पतींकडून कधी विचारून घेतलं, मला माहीत नाही. आम्ही लग्नाला गेलो नाही.

उजव्या मडगार्डवर दुसऱ्या पावसाळ्यात रंगाखाली फोड आला. पतींनी तो पॉलिशपेपरने घासला, वर प्रायमर लावला आणि ब्रशने रंग दिला. रंगाची छटा जुळवण्यासाठी ते तीन दुकानं फिरले. पुढच्या वर्षी शेजारी दुसरा फोड आला. तोही त्यांनी तसाच केला. मडगार्ड कापून घ्यावा, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "त्याच्यासमोर काढायचा ठरलाय." त्यांच्या बोलण्यात वेगळं काही नव्हतं. ते भ्रमात आहेत असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. वर्षश्राद्ध त्यांनीच केलं. दरवर्षी तेच करतात.

सकाळचं स्टूल आता उजव्या बाजूला असतं.

गेल्या महिन्यात ते दवाखान्यात गेले असताना मी चाकाच्या वरून, मडगार्डच्या आतल्या अंगाने हात घातला. जोडाच्या कडेला जिथे मूळ पत्रा असायला हवा तिथे तो लागला नाही. बोटांना ओला कागद लागला आणि त्याच्यामागे थेट पुट्टी. बाहेरून रंग शाबूत आहे.